सगळं मधोमध आणा

२ ऑक्टोबर, गाबेस

काम मिळालं! आईला सांगायला गेले तेव्हा ती डाळिंबं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "खरं काम, की पुन्हा कुणाच्या लग्नाची पत्रिका?"

खरं काम. दूझ गावचे लझहर, सगळे त्यांना आदराने 'सी लझहर' म्हणतात. वाळवंटात पाहुणे नेतात, स्वतःची गाडी, स्वतःचे तंबू. वेबसाइट हवी आहे, फ्रेंचमध्ये आणि अरबीत, डिसेंबरच्या सुट्टीआधी. फोनवर म्हणाले, "पोरी, एकच अट. अम्मारच्या साइटपेक्षा सरस झाली पाहिजे."

"अम्मार कोण?"

"माझ्या समोर राहतो. त्याचेही तंबू आहेत."

"म्हणजे तुमचा स्पर्धक."

"भाऊ," ते म्हणाले आणि विषय बदलला. फोन ठेवताना मी म्हटलं, तुम्ही जे सांगाल ते करीन.

राजधानीत, ट्युनिसला, चार वर्षं कॉल सेंटरमध्ये कानाला यंत्र अडकवून फ्रान्समधल्या लोकांची बोलणी खाल्ली. तिथल्या आमच्या वरिष्ठ बाई म्हणायच्या, "गिऱ्हाईक कधी चुकत नाही सोंदेस, चुकते ती तू." तिथेच सुट्टीच्या दिवशी शिकत शिकत साइट बनवायला लागले आणि उन्हाळ्यात नोकरी सोडली. वसंतापर्यंत जमलं नाही तर परत जाईन असं आईला कबूल केलंय. सी लझहर खूश झाले तर दूझचे बाकीचे तंबूवालेही येतील. नाही झाले तर काय, ते आज लिहीत नाही.

९ ऑक्टोबर

पहिला आराखडा पाठवला. दोन दिवस खपून केला होता. वाळूचा रंग, त्यावर बारीक राखाडी अक्षरं, मधोमध त्यांचा उंट. मला तर फार आवडला.

कॉफीचा पहिला घोट घेतला आणि त्यांचा आवाजी निरोप आला. "उंट छान. पण पोरी, हे धुकं कसलं घातलंस? अक्षरं वाचतानाच डोळे शिणतात. आणि मेनू कुठाय?"

मेनू उजव्या कोपऱ्यात आहे. अरबी पानावर तो उजवीकडेच असतो, सगळ्या जगात. तसं नम्रपणे कळवलं. म्हणाले, "उजवीकडे नाहीये. मी बघतोय."

अक्षरं काळी केली. मेनू ठळक केला.

१४ ऑक्टोबर

फ्रेंच पानावर मेनू डावीकडे असतो. आता म्हणतात, डावीकडे नाही. मग त्यांना हवाय तरी कुठे? मी विचारलं, "फोनवर दिसतोय का?" तर फोनवर सगळं दिसतं! फोनवर साइट "एकदम झकास" आहे. गाबेसहून मुद्दाम संगणकाचा मोठा पडदा विकत आणलाय त्यांनी, खास ही साइट बघायला, आणि त्या पडद्यावर म्हणे अर्ध्या गोष्टी गायब.

म्हणजे चूक माझीच. मोठ्या पडद्यावर माझी मांडणी कुठेतरी फाटते आहे. दिवसभर शोधलं. शेजारच्या फोटोवाल्याकडे तसाच मोठा पडदा आहे, त्याच्या हातापाया पडून तिथे लावून पाहिलं. सगळं जागच्या जागी. फोटोवाला म्हणाला, "गिऱ्हाईक तुला खेळवतंय."

खेळवत असतील का? पण आवाज तसा वाटत नाही.

२१ ऑक्टोबर

बदल आता मोजायचं सोडून दिलंय. बुकिंगचं बटण मोठं करा. बटण लाल करा. लाल नको, पिवळं करा, काळ्यावर पिवळं. फोटो कमी करा. दोन उंट घाला कारण अम्मारच्या साइटवर एक आहे. आणि रोज शेवटी तेच: "सगळं मधोमध आणा. कडेला काही ठेवू नका. कडेला कोण बघतं?"

मी "हो" म्हणते. फोन रात्री अकराला वाजला तरी "हो" म्हणते. आज आंघोळीला गेले तर फोन बरोबर नेला. आई दाराबाहेरून ओरडली, "तो लझहर साबण पण बदलायला सांगतोय का?"

३ नोव्हेंबर, दूझहून परतल्यावर

फोटो काढायला दूझला जाऊन आले. लुआज, म्हणजे आमची वडाप गाडी, भरायला एक तास गेला, मग शेजारच्या सीटवरच्या एका बाईच्या कोंबड्या माझ्या मांडीवर. असो.

सी लझहर साठीच्या आतले, उंच, डोक्याला पांढरा फेटा. मी पुढे केलेला हात त्यांनी घेतलाच नाही. मी हिरमुसले, वाटलं जुन्या वळणाचे असतील, बायकांशी हात मिळवत नसतील. पण मग बायकोने, जिला सगळे मानाने लेल्ला मबारका म्हणतात तिने, "अरे, पोरीने हात पुढे केलाय," म्हटल्यावर माझ्याकडे सगळी मान वळवून दोन्ही हातांनी माझा हात धरला. तसे माणूस म्हणून फार गोड.

वाळूतल्या गरम राखेत भाजलेली भाकरी, तेल आणि हरिसाची लाल तिखट चटणी. पोटभर जेवले. अंगणातून समोरचं घर दिसत होतं. तिथे एक जाडसर माणूस गाडी धूत होता. लेल्ला मबारकाने त्याच्यासाठीही भाकरी बाजूला काढून फडक्यात बांधली. सी लझहर म्हणाले, "त्याला बायको नाही का?" ती म्हणाली, "त्याला भाऊ नाही." बापाच्या खजुराच्या बागेच्या वाटणीवरून दोघं तीन वर्षं बोलत नाहीत, हे मला तिनेच नंतर सांगितलं.

मग वाळूत गेलो. काय गाडी चालवतात! नाकासमोर बघतात, इकडेतिकडे ढुंकूनही नाही, ज्याला आपला रस्ता ठाऊक आहे अशा माणसासारखे. गावाबाहेर डावीकडून एक मोटारसायकल अचानक आली, अगदी घासून गेली. मी किंचाळले. ते म्हणाले, "हल्लीची पोरं आकाशातून पडल्यासारखी येतात." तो पोरगा लांबून येताना मला तरी दिसला होता. पण माझं काय, मी भित्री आहेच.

सूर्य कलला तशी त्यांची घाई सुरू झाली. मला संध्याकाळचे फोटो हवे होते. म्हणाले, "नको. रात्री वाळवंट झोपतं, त्याला त्रास देऊ नये." किती सुंदर वाक्य! साइटवर घालणार आहे. आणि परत येताना लुआजमध्ये दुसरं सुचलं, पहिल्या पानासाठी: "तीस वर्षं झाली. वाळूत तुमची गाडी लझहर स्वतः चालवतो."

घरी आल्यावर फोनवर वाचून दाखवलं तर दोनदा परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "ठेव. खूप मोठ्या अक्षरात ठेव."

८ नोव्हेंबर

पिवळं बटण अजून मोठं. आता ते उंटापेक्षा मोठं झालंय.

१७ नोव्हेंबर

फातेनशी बोलले. ती ट्युनिसला हेच काम करते, माझ्या दोन वर्षं आधीपासून. हसून हसून तिला ठसका लागला.

"सोंदेस, करारात बदलांच्या किती फेऱ्या लिहिल्यास?"

"करार नाही केला."

"म्हणजे तू काम नाही घेतलंस बये, नवरा केलास. तीन फेऱ्या, बास. चौथ्यांदा म्हणाला तर म्हणायचं, हे आपलं ठरलं नव्हतं."

"रागावले तर?"

"तर रागावतील! गिऱ्हाईक रागावल्याने कुणी मेलेलं नाही."

हे तिला सोपं आहे. आज आरशासमोर म्हणून बघितलं, "हे आपलं ठरलं नव्हतं." आवाज उंदरासारखा निघाला. मग फोन आला. पत्ता कडेला आहे तो मध्ये आणा. मी "हो" म्हटलं.

२५ नोव्हेंबर

साइट सुरू झाली. सी लझहर शेवटपर्यंत "अजून थोडं थांब" म्हणत होते. मीच म्हटलं, डिसेंबर आला, आता नाही तर कधी? म्हणाले, "बरं. सोड."

दिसायला साइट विचित्रच आहे. प्रचंड अक्षरं, काळं-पिवळं, सगळं एकाखाली एक मधल्या चिंचोळ्या पट्टीत, दोन्ही बाजूंना ओसाड. फातेनने बघून लिहिलं, "ही साइट आहे की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी?" मला रडू आलं. माझं नाव तळाशी बारीक टाकलंय. काढून टाकावं का?

६ डिसेंबर

पहिले पाहुणे मिळाले! फ्रान्समधल्या लील शहरातली एक बाई, नवरा, दोन मुलं, नऊ आणि सहा वर्षांची. तेवीसला, दोन रात्री. त्यांनी लिहिलंय की बऱ्याच साइट पाहिल्या, पण हीच निवडली, कारण इथे मालक स्वतः गाडी चालवतो आणि मुलांबरोबर जाताना आम्हाला तेच महत्त्वाचं वाटतं.

माझ्या वाक्यामुळे! आई शेजारणीला सांगून आली. सी लझहरना फोन केला तर ते म्हणाले, "अच्छा." एवढंच. मग थोड्या वेळाने परत फोन, "मुलं किती वर्षांची म्हणालीस?"

पाहुण्यांनी भरलेला अर्ज सी लझहरना पडद्यावर सापडतच नाही. पिवळं बटण दाबून आत जायचं, तर बटण नाही म्हणतात. अख्ख्या तळहाताएवढं बटण! सोमवारी जाऊन समोर बसून शिकवते. आणि ते पडद्याचं भूत एकदाचं शोधून काढते.

११ डिसेंबर, दूझ, लुआजच्या थांब्यावर

गाडी भरायची आहे. तोवर लिहिते.

त्यांच्या पुढच्या खोलीत बसलो, मोठ्या पडद्यासमोर. लेल्ला मबारका बाजारात गेली होती. मी ठरवलं, मांडणी नेमकी कुठे फाटते ते पाहायचंच. त्यांना म्हटलं, "तुम्ही फक्त मधल्या उंटाकडे बघत राहा, मान हलवू नका. मी बटण उजव्या कडेपासून आत सरकवत आणते. दिसलं की सांगा."

"आता?"

"नाही."

आणखी आत आणलं. "आता?"

"नाही."

मला वाटलं पान अडकलंय. पण मला तर दिसत होतं, पिवळंधमक, सरकताना. "आता?" "नाही गं." बटण उंटाच्या नाकाला टेकायला आलं तेव्हा म्हणाले, "हां. आता आलं. बघ, आधी नव्हतं ना!"

मग डावीकडून. मग वरून. दर वेळी अगदी उंटाजवळ आल्यावर, "हां, आता आलं." मी उत्साहात पडद्यावर बोटाने खुणा करत होते, कुठे कुठे दिसायला लागलं त्याच्या. खुणा जुळवल्या तर एक गोल झाला. चहाच्या बशीएवढा.

त्या गोलाकडे मी बघत राहिले. पडदा असा फाटत नाही. कुठलीच साइट अशी फाटत नाही.

मी त्यांच्या उजवीकडे बसले होते. हळूच डावा हात वर केला, त्यांच्या कानाच्या जरा पुढे. हलवला. ते उंटाकडे बघत होते.

"सी लझहर, मी काय करतेय?"

"बसली आहेस."

"मी हात हलवतेय."

त्यांनी मान वळवली. सगळीच, मला पहिल्यांदा भेटले तेव्हा वळवली होती तशी. माझा हात तेव्हा कुठे त्यांना दिसला. त्यांनी बाहीने पडदा पुसला. मग म्हणाले, "त्या गाबेसवाल्याने पडदाच खराब दिला."

"हो," मी म्हटलं. अजूनही "हो" म्हणाले मी! मग खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "नाही. पडदा चांगला आहे."

ते उठले. दाराशी जाताना खुर्चीला अडखळले. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "हा हंगाम जाऊ दे. वसंतात डॉक्टरकडे जाईन."

"कधीपासून आहे?"

"कडा गेल्या वर्षीपासून. अंधारात त्याच्याही आधी. वाळूत काय पोरी, तिथे रस्ताच नाही. चुकणार काय?"

"मुलं आहेत गाडीत."

"मबारकाला बोलायचं नाही. आणि समोरच्याला तर मुळीच नाही. तो खुशीत गाडीवर झेंडे लावेल." मग अगदी हळू, "तू म्हटलं होतंस ना, मी जे सांगेन ते करशील."

म्हटलं होतं. पहिल्याच फोनवर म्हटलं होतं.

१२ डिसेंबर

मोटारसायकलवाला. संध्याकाळची घाई. पुढे केलेला हात. बारीक राखाडी अक्षरं. मी इथे सगळं लिहून ठेवलंय, माझ्याच हाताने, आणि वर त्यांचं कौतुक केलंय. "नाकासमोर बघतात." देवा.

आणि ते वाक्य. ते त्यांचं नाही, माझं आहे. त्या बाईने माझ्या वाक्यावर भरवसा ठेवून मुलांचे कपडे भरायला घेतले असतील.

आईला विचारलं, पण आडून. एखाद्याने भरवशाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या भल्यासाठी फोडावी का? आईला आडून विचारता येत नाही. पाच मिनिटांत सगळं काढून घेतलं. म्हणाली, "पोरं बसणार आहेत ना त्या गाडीत?"

"हो."

"मग साइटचं काय घेऊन बसलीस?"

"ते मला काढून टाकतील आई. दूझभर सांगतील. मला मग कुणी काम देणार नाही."

"नाही देणार," आई म्हणाली. मला वाटलं पुढे धीराचं काही म्हणेल. ती भाजी चिरत राहिली.

१४ डिसेंबर

केलं. कुणाला न विचारता.

नवीन पाहुण्यांसाठीचं बटण बंद केलं. पहिल्या पानावरचं वाक्य काढलं आणि लिहिलं: "वाळूत लझहर तुमच्या सोबत असतो. गाडी दुसरा अनुभवी चालक चालवतो." मग त्यांना निरोप पाठवला, "एक बदल केला आहे. कृपया बघा." नेहमीसारखाच निरोप. फक्त या वेळी बदल त्यांनी सांगितला नव्हता.

उत्तर नाही. फोन उशाशी घेऊन जागी आहे.

१५ डिसेंबर

सकाळीच फोन. सी लझहर ओरडत नव्हते, तेच वाईट होतं.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही."

"माझ्या घरात शिरून तू माझंच तोंड बदललंस."

"तुम्ही सांगितलेला प्रत्येक बदल मी केला सी लझहर. अडीच महिने केला. हा एक माझा."

"परत कर होतं तसं. नाहीतर मी दुसऱ्याला देतो काम."

मी जमिनीवर बसले. खरंच बसले, स्वयंपाकघरात, आईच्या पायाशी. म्हटलं, "द्या दुसऱ्याला. पण तेवीसला गाडीवर दुसरा चालक नसेल तर त्या बाईंना मी सांगणार. तुमचं नाव घेऊन सांगणार."

"तू?" ते म्हणाले. "तू सांगणार?"

"हो."

फोन ठेवला. आईने मला उठवलं नाही, तीच खाली बसली शेजारी.

१९ डिसेंबर

काही नाही. फोन वाजत नाही. दोन महिने याच शांततेसाठी झुरत होते.

त्या बाईंना लिहायला दोनदा घेतलं, दोनदा खोडलं. त्यांची फ्रान्समधून निघायची वेळ जवळ आली. आताच लिहिलं तर त्यांची सुट्टी बुडेल आणि सी लझहरना मी एक संधीसुद्धा दिली नाही असं होईल. न लिहिलं तर... रोज हेच दळण दळते आहे. फातेन म्हणते लिहून टाक आणि मोकळी हो. मोकळी कशी होणार ते ती सांगत नाही.

ठरलं. स्वतः जाणार. गाडीसमोर उभी राहणार.

२३ डिसेंबर, दूझ

पहिल्या लुआजने आले. वाटभर फ्रेंच वाक्य घोकत होते: बाई, माफ करा, या माणसाला नीट दिसत नाही. किती क्रूर वाटतं ते फ्रेंचमध्ये. आपल्या भाषेतही वाटतंच.

अंगणात गाडी भरून तयार. लीलचे पाहुणे आलेले, मुलगा टायरांवर चढत होता, धाकटी लेल्ला मबारकाच्या ओढणीशी खेळत होती. आणि चालकाच्या जागेवर तो जाडसर माणूस, समोरच्या घरातला. हात चाकावर, चेहरा रागावल्यासारखा.

मी तशीच उभी राहिले. त्यानेच खिडकीतून विचारलं, "साइटवाली तू का?"

"हो."

"परवा हा माझ्या दारात आला. तीन वर्षांनी. म्हणाला, शनिवारी गाडी चालव. मी म्हटलं, किती देशील? म्हणाला, तू सांगशील तेवढे." अम्मारने नाक ओढलं. "आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही त्याने. तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय. काय झालंय त्याला?"

"त्यांनी सांगितलं नाही?"

"म्हणाला, पाठ दुखते."

सी लझहर घरातून आले. मान वळवून मला शोधलं. "तू कशाला आलीस?"

"बघायला."

"भरवसा नव्हता माझ्यावर."

आधी मी म्हटलं असतं, तसं नाही सी लझहर. आज म्हटलं, "नव्हता."

ते माझ्याकडे बघत राहिले, त्या बशीएवढ्या जागेतून. तेवढ्यात फ्रेंच बाई जवळ आली. हसून, पण थोडी गोंधळून म्हणाली, साइटवर तर लिहिलं होतं की तुम्ही स्वतः चालवता, मग हे गृहस्थ कोण?

मी तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य जिभेवर आलं. सी लझहरनी हात वर करून मला थांबवलं आणि तिला फ्रेंचमध्ये सांगितलं, अगदी सहज, हवापाण्याविषयी सांगावं तसं, "हा माझा भाऊ. माझ्याहून बरा चालवतो. मला आता कडेचं दिसत नाही."

बाई म्हणाली, सांगितलंत हे बरं केलंत. तिने त्यांच्या दंडाला हात लावला. परक्यांना सांगणं इतकं सोपं असतं.

पण अम्मारला फ्रेंच येतं. तो चाकावरचे हात काढून खाली उतरला. लेल्ला मबारकाला येत नाही. तिने दिराचा चेहरा पाहिला, नवऱ्याचा पाहिला आणि विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

आता पुन्हा सांगायचं होतं, आपल्या भाषेत. याला फार वेळ लागला. फेटा सोडला, परत बांधला. मुलाने टायरावरून खाली उडी मारली. शेवटी म्हणाले, "मबारका, माझे डोळे गेलेत."

"सगळे नाही गेले," ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"दोन वर्षं चहाचा पेला तुझ्या हातात देते मी. खाली ठेवत नाही. तुला काय वाटलं, लाडाने?"

अम्मारने पाठ फिरवली आणि गाडीचं आधीच पुसलेलं दार पुसायला लागला. पुसता पुसता म्हणाला, "मग मला का नाही सांगितलंस गं वहिनी, भाकऱ्या पाठवत होतीस तर?"

"त्याने सांगावं म्हणून."

दहा वाजता निघाले. मागे मुलं, पुढे दोघं भाऊ. वळणापर्यंत ऐकू येत होतं, सी लझहर म्हणत होते, "हळू! वाळूत असा गिअर टाकतात का?" आणि अम्मार म्हणत होता, "तुला दिसत नाही ना, मग गप्प बस."

लेल्ला मबारका दारात बसून रडली. मीही. मग तिने मला भाकरी खायला लावली.

२६ डिसेंबर

पाहुणे सुखरूप परतले. लीलच्या बाईंनी लिहिलंय की दोघं भाऊ सगळा वेळ भांडत होते आणि मुलांना तेच सर्वांत आवडलं.

सी लझहरकडून एक ओळ. "बटण सुरू कर. वाक्य तुझंच राहू दे." खाली आणखी एक: "फक्त 'अनुभवी' काढ. त्याला डोक्यावर चढवू नकोस."

मी लिहिलं, "नाही. 'अनुभवी' राहील."

राहिलं.

१० जानेवारी, स्फाक्सहून परतीच्या वाटेवर

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मलाही घेऊन गेले. म्हणाले, हिला यंत्रातलं कळतं. मला काही कळत नाही, पण गेले. अम्मारने गाडी चालवली, लेल्ला मबारका मागे माझ्याजवळ.

काचबिंदू. गेलं ते परत येणार नाही. थेंब रोज घातले तर उरलेलं बहुतेक टिकेल. लवकर आला असतात तर, असं डॉक्टर म्हणायला लागले आणि लेल्ला मबारकाकडे बघून थांबले. गाडी मात्र यापुढे कधीच नाही. ते स्पष्ट सांगितलं, दोनदा.

मधल्या वाटेवर कॉफीला थांबलो. बाहेर वारा सुटला होता. सी लझहर म्हणाले, मला नको, मी गाडीतच बसतो. आम्ही तिघं कॉफी घेऊन परत आलो तर ते चालकाच्या जागेवर जाऊन बसलेले. इंजिन बंद. दोन्ही हात चाकावर, नजर समोरच्या रस्त्यावर.

अम्मार पुढे निघाला होता. लेल्ला मबारकाने त्याची बाही धरली. आम्ही तिथेच उभे राहिलो, हातात कॉफी, धूळ डोळ्यांत जात होती. एक ट्रक गेला, मग मेंढ्यांनी भरलेली एक गाडी गेली, मग कितीतरी वेळ काहीच नाही.

मग त्यांनी चाकावरचे हात उचलले, मांडीवर पुसले आणि स्वतःच पलीकडच्या सीटवर सरकले. आम्ही आत बसलो.